जुन्या वर्षाचे राहिलेले रिटर्न: कर निघतो की परतावा, ते आधी पाहा

प्रश्न: नाशिकला खासगी कंपनीत नोकरी करतो. आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये ऑक्टोबरात नोकरी बदलली आणि त्या वर्षाचे इन्कम टॅक्स रिटर्न भरायचे राहून गेले. टीडीएस कापला जातच होता, म्हणून लक्ष दिले नाही. आता गृहकर्जासाठी बँक जुनी रिटर्न मागते आहे. पोर्टलवर गेलो तर त्या वर्षासाठी नेहमीचा पर्यायच दिसत नाही. हे रिटर्न आता भरता येईल का? किती पैसे लागतील? (जून २०२६)

उत्तर:

भरता येईल, पण त्याआधी त्या वर्षाचा हिशेब कागदावर मांडून कर भरायचा निघतो की परतावा मिळायचा निघतो ते बघा. मुदत उलटून गेलेल्या रिटर्नला दोन वेगळ्या वाटा आहेत आणि चुकीच्या वाटेने गेलात तर पोर्टल शेवटच्या पायरीला अडवते. तोवर चलन भरून झालेले असते आणि ते पैसे सोडवून घेणे हे वेगळेच काम होऊन बसते.

तुमचे आर्थिक वर्ष २०२२-२३, म्हणजे कर निर्धारण वर्ष (त्या उत्पन्नाचा कर ज्या पुढच्या वर्षात ठरतो ते) २०२३-२४. त्याची मूळ मुदत ३१ जुलै २०२३ ला संपली. त्यानंतर कलम १३९(४) खाली उशिराचे रिटर्न भरायला ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वाव होता. तोही गेला, म्हणून पोर्टलवर नेहमीचा पर्याय दिसत नाही. आता उरले दोन मार्ग. कर भरायचा निघत असेल तर कलम १३९(८ए) चे अद्ययावत रिटर्न, ज्याला सगळे आयटीआर-यू म्हणतात. परतावा निघत असेल तर आयटीआर-यू चालत नाही. कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. तोटा दाखवण्यासाठी किंवा आधी दाखवलेला कर कमी करण्यासाठीही आयटीआर-यू भरता येत नाही. ही सोय सरकारने बुडालेला कर गोळा करायला ठेवली आहे, आपले पैसे परत द्यायला नाही. एवढे ध्यानात ठेवले की तिचे निम्मे नियम आपोआप कळतात.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला, म्हणून जुनी वर्षे आता त्यात कशी बसतील असे बरेच जण विचारतात. ती त्यात बसवायचीच नाहीत. त्याआधीच्या वर्षांना १९६१ चाच कायदा लागू राहतो, कलमांचे आकडेही तेच. नव्या कायद्यातला ‘कर वर्ष’ हा शब्द तुमच्या या रिटर्नमध्ये कुठेच येणार नाही. तुम्ही ‘कर निर्धारण वर्ष २०२३-२४’ हेच धरून चाला.

आधी खात्री करा की रिटर्न खरोखरच भरलेले नाही

हे विचित्र वाटेल, पण पोर्टलवर ‘ई-फाइल’ मध्ये भरलेल्या रिटर्नची यादी उघडून बघा. रिटर्न भरलेले असते, पण ई-व्हेरिफाय करायचे राहिलेले असते, असे पुष्कळदा निघते. १ ऑगस्ट २०२२ पासून व्हेरिफिकेशनला फक्त ३० दिवस मिळतात आणि व्हेरिफाय न केलेले रिटर्न कायद्याने न भरल्यातच जमा होते. असे निघाले आणि त्या रिटर्नमध्ये परतावा असेल, तर ‘सर्व्हिसेस’ मधल्या ‘कन्डोनेशन रिक्वेस्ट’ मधून व्हेरिफिकेशनला झालेला उशीर माफ करून घेता येतो. नवे रिटर्न भरण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे.

दुसरी खात्री पॅन आधारशी जोडलेले असल्याची. नसेल तर पॅन निष्क्रिय असते. १,००० रुपये भरून जोडणी करावी लागते आणि पॅन चालू व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. आधारला लावलेला मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही आधी दुरुस्त करून घ्या, कारण शेवटी ओटीपी तिथेच जाणार आहे. मार्चअखेर अनेकांचे घोडे याच ओटीपीवर अडते.

कागद कोणते, आणि ते काय लपवतात

पोर्टलवरून त्या वर्षाचे तीन कागद उतरवून घ्या: फॉर्म २६एएस (कापलेल्या कराची नोंद), एआयएस (विभागाला कळलेले तुमचे उत्पन्न आणि व्यवहार) आणि टीआयएस (त्याचा गोषवारा). २६एएस उघडताना कर निर्धारण वर्ष २०२३-२४ निवडायचे. एआयएसमध्ये आर्थिक वर्ष २०२२-२३. इथे वर्ष एकाने मागेपुढे झाले की पुढचे सगळे गणित चुकते. शिवाय दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ (पगार आणि टीडीएसचे प्रमाणपत्र), त्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपा, सर्व बँक खात्यांची एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ ची स्टेटमेंट आणि ८०सी (विमा, पीएफसारखी बचत), मेडिक्लेम, घरभाड्याच्या पावत्या जमवा.

नोकरी बदललेल्या माणसाची गोम इथेच असते. पहिल्या कंपनीने वर्षभराचा पगार गृहीत धरून दरमहा टीडीएस कापलेला असतो. दुसऱ्या कंपनीला पहिल्या पगाराची माहिती दिली नसेल, तर ती फक्त आपल्या सहा महिन्यांचा पगार धरते, त्यातून पुन्हा ५०,००० ची प्रमाणित वजावट देते, पुन्हा अडीच लाखांची करमुक्त मर्यादा धरते. रक्कम पाच लाखांच्या आत आली की ८७ए ची सूट (लहान उत्पन्नावरचा कर माफ करणारी) लावून टीडीएस शून्य करते. म्हणजे एकाच वर्षात एकाच माणसाला सगळ्या सवलती दोनदा. ‘टीडीएस कापला जातच होता’ हे तुमचे म्हणणे निम्म्याच वर्षापुरते खरे असण्याची शक्यता मोठी आहे.

टीडीएस शून्य असेल तर दुसऱ्या कंपनीने फॉर्म १६ दिलाच नसेल आणि २६एएसमध्येही तिचे नाव दिसेलच असे नाही. म्हणून २६एएस कोरा दिसला तरी उत्पन्न नव्हते असा अर्थ घेऊ नका. बँकेत जमा झालेला पगार आणि स्लिपा यांवरून आकडा काढा. एआयएसमध्ये उलटा प्रकार होतो. मुदत ठेवीवरचे व्याज तिथे टीडीएस कापला नसला तरी दिसते, कधी एकच व्याज दोन ओळींत येते. तेव्हा बँकेचे व्याज प्रमाणपत्र मागवून ताळा घ्या. एआयएसमधला आकडा चुकीचा असेल तर तिथेच फीडबॅक नोंदवा, मग रिटर्नमध्ये बरोबर आकडा भरा.

कोणती करप्रणाली धरायची

यात बरेच जण फसतात. मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याला करप्रणाली (जुनी की नवी) निवडायचा हक्क राहत नाही. त्या वर्षी जी मूळ धरलेली होती तीच लागते. २०२३-२४ या कर निर्धारण वर्षापर्यंत मूळ प्रणाली जुनी होती. म्हणून तुम्हाला जुन्या दरांनी कर भरायचा आहे, पण ८०सी, ८०डी (मेडिक्लेम), घरभाडे भत्ता यांच्या वजावटी मिळतील.

कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून मूळ प्रणाली नवी झाली. ते वर्ष राहिले असेल तर जुनी प्रणाली आता घेता येणार नाही, भले कंपनीने तुमचा टीडीएस जुन्या प्रणालीने, गृहकर्जाचे व्याज आणि विमा धरून कापला असला तरी. अशा माणसाचा फॉर्म १६ शून्य कर बाकी दाखवतो आणि रिटर्न भरायला बसले की चांगलीच रक्कम बाहेर येते. दोन वर्षे राहिली असतील तर दोन्हींचा हिशेब वेगवेगळ्या प्रणालीने करायचा हे विसरू नका.

हिशेब, आकड्यांनिशी

तुमचे आकडे माहीत नाहीत, म्हणून तुमच्यासारख्याच एका उदाहरणाने दाखवतो. पहिल्या कंपनीचा सहा महिन्यांचा पगार ४,२०,०००, दुसरीचा ५,४०,०००, एकूण ९,६०,०००. त्यातून प्रमाणित वजावट ५०,००० (एकदाच) आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५०० वजा: ९,०७,५००. मुदत ठेवीचे व्याज ३६,००० आणि बचत खात्याचे ४,००० मिळवले की ९,४७,५००. ८०सी खाली १,००,००० आणि बचत खात्याच्या व्याजाची ८०टीटीए खाली ४,००० वजावट घेतली की करपात्र उत्पन्न ८,४३,५००.

जुन्या दरांनी कर ८१,२००. त्यावर ४ टक्के उपकर ३,२४८. एकूण ८४,४४८. पहिल्या कंपनीने सहा महिन्यांत कापले २६,०००, दुसरीने काहीच नाही, बँकेने व्याज ४०,००० च्या आत असल्याने तेही नाही. बाकी कर ५८,४४८.

आता व्याज. व्याजासाठी रक्कम शंभराच्या पटीत खाली आणतात, म्हणून ५८,४०० धरायचे. महिना एक दिवसाचा झाला तरी पूर्ण मोजतात.

कलम २३४ए, रिटर्नला उशीर झाल्याबद्दल दरमहा १ टक्का, ऑगस्ट २०२३ पासून. जून २०२६ मध्ये भरले तर ३५ महिने: २०,४४०.

कलम २३४बी, आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) न भरल्याबद्दल दरमहा १ टक्का, एप्रिल २०२३ पासून ३९ महिने: २२,७७६. टीडीएस वजा जाता बाकी कर १०,००० च्या आत असता तर हे लागले नसते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरील निवासी व्यक्तीलाही लागत नाही.

कलम २३४सी, आगाऊ कराचे चार हप्ते चुकल्याबद्दल: २६१, ७८९, १,३१४ आणि ५८४, मिळून २,९४८. याला उशिराशी देणेघेणे नाही, हा आकडा तेवढाच राहतो.

व्याज एकूण ४६,१६४. कर अधिक व्याज १,०४,६१२. यावर कलम १४०बी चा जादा कर. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत भरले तर २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७०. आधी ही सोय २४ महिन्यांचीच होती. १ एप्रिल २०२५ पासून ती ४८ महिन्यांची झाली आणि वरचे दोन टप्पे आले. तुमचे कर निर्धारण वर्ष ३१ मार्च २०२४ ला संपले. म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत ५० टक्के होते, ३१ मार्च २०२७ पर्यंत ६० टक्के आणि ३१ मार्च २०२८ पर्यंत ७० टक्के. त्यानंतर हे दार बंद.

जून २०२६ मध्ये ६० टक्क्यांनी ६२,७६७ रुपये. शिवाय कलम २३४एफ चे विलंब शुल्क ५,०००. एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर ते १,००० असते. जादा कराची टक्केवारी कर आणि व्याज यांच्यावरच लागते, या शुल्कावर लागत नाही. सगळे मिळून, दहाच्या पटीत, १,७२,३८० रुपये.

हेच रिटर्न डिसेंबर २०२३ मध्ये भरले असते तर ७४,५७० मध्ये सुटले असते, मार्च २०२६ मध्ये १,५६,६६०. एप्रिल २०२७ वर ढकलले तर २,०२,७०० होतील. या उदाहरणात दर महिन्याला साधारण १,८७० रुपये वाढतात आणि ३१ मार्च ओलांडला की एकदम मोठी उडी बसते. ‘जरा हात मोकळा झाला की भरू’ असे म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा नीट बघावेत.

भरायचे कसे

आयटीआर-यू हा एकटा फॉर्म नाही. त्या वर्षाचा मूळ फॉर्म आणि त्याला जोडलेला आयटीआर-यू असे दोन भाग एकत्र जातात. मूळ फॉर्म त्याच वर्षाचा हवा. पोर्टलच्या ‘डाउनलोड्स’ मधून कर निर्धारण वर्ष २०२३-२४ ची युटिलिटी (फॉर्म भरायचे सॉफ्टवेअर) उतरवा. फक्त पगार आणि व्याज असेल तर आयटीआर-१. त्या वर्षी शेअर किंवा म्युच्युअल फंडाचे युनिट विकले असतील, अगदी पाच हजारांचे का असेना, तर आयटीआर-२. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत विदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळालेल्यांनाही आयटीआर-२ च लागतो, आणि त्यातला विदेशी मालमत्तेचा तक्ता आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे तर जानेवारी ते डिसेंबर असा भरायचा असतो. तो तक्ता कोरा सोडण्याची किंमत काळा पैसा कायद्याखाली मोजावी लागू शकते, तेव्हा त्याबाबत सीएला विचारूनच पुढे जा.

फॉर्ममध्ये भरण्याचे कलम ‘१३९(८ए)’ निवडले की आयटीआर-यूचा भाग उघडतो. आधी रिटर्न भरले होते का, याला ‘नाही’. कारण म्हणून ‘रिटर्न आधी भरलेले नाही’ हेच निवडा. ‘उत्पन्न बरोबर दाखवले नव्हते’ हे आधी रिटर्न भरलेल्यांसाठी आहे. मग मुदतीचा टप्पा विचारतो, तुमच्यासाठी २४ ते ३६ महिन्यांचा. उत्पन्नाच्या रकान्यात रिटर्न आधी भरलेले नसल्यामुळे पूर्ण उत्पन्न लिहायचे, नुसते वगळलेले नव्हे.

आता चलन. युटिलिटीने काढलेला आकडा आणि तुमचा कागदावरचा आकडा जुळला की ‘ई-पे टॅक्स’ मध्ये जा. कर निर्धारण वर्ष २०२३-२४, प्रकार ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स (३००)’. पैसे भरल्यावर बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि चलन क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

हे चलन कुठे नोंदवायचे, ही आयटीआर-यूमधली सर्वांत जास्त होणारी चूक. मूळ फॉर्ममध्ये कर भरल्याचा नेहमीचा तक्ता असतो, सवयीने हात तिकडे जातो. तिथे हे चलन लिहिले की मूळ रिटर्नमधला बाकी कर शून्य दिसतो, जादा कराचे गणित कोसळते आणि युटिलिटी चूक दाखवते किंवा नंतर मागणीची नोटीस येते. आयटीआर-यूसाठी आत्ता भरलेले चलन आयटीआर-यूच्या भागातल्या ‘१४०बी खाली भरलेला कर’ या तक्त्यातच जाते. मूळ फॉर्ममधल्या तक्त्यात फक्त त्या काळात भरलेला आगाऊ कर जातो, असलाच तर.

चलनावर वर्ष चुकीचे पडले तर पोर्टलवर दुरुस्तीची सोय आहे, पण तिला थोडेच दिवस मिळतात. चलन निघाल्या निघाल्या वर्ष तपासा. आणि पैसे भरणे व रिटर्न अपलोड करणे एकाच महिन्यात उरका. ३० जूनला चलन भरले आणि १ जुलैला अपलोड केले, तर २३४ए चा आणखी एक महिना लागतो आणि रक्कम कमी पडते. कर पूर्ण न भरता आयटीआर-यू दिले तर ते सदोष ठरते.

युटिलिटीमधून जेसन फाइल तयार करून पोर्टलवर त्याच कर निर्धारण वर्षाखाली, १३९(८ए) निवडून अपलोड करायची आणि लगेच आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने व्हेरिफाय करायची. सही केलेला कागद बेंगळुरूला टपालाने पाठवण्याचा जुना मार्ग इथे धरू नका.

आयटीआर-यू एका वर्षासाठी एकदाच भरता येते. ते सुधारता येत नाही, दुसरे भरता येत नाही. म्हणून अपलोड करण्याआधी एआयएसच्या एकेका ओळीवर बोट ठेवून ती रिटर्नमध्ये कुठे आली ते दाखवता आले पाहिजे.

परतावा निघाला तर

समजा दोन्ही कंपन्यांनी कर जास्तच कापला होता, किंवा घरातल्या एखाद्या निवृत्त माणसाने बँकेत १५एच (टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा फॉर्म) द्यायचा राहिल्यामुळे ठेवीवर टीडीएस गेला. तेव्हा आयटीआर-यूच्या नादी लागू नका. ‘कन्डोनेशन रिक्वेस्ट’ मधून कलम ११९(२)(बी) खाली रिटर्न उशिरा भरण्याची परवानगी मागा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. तुमच्या वर्षासाठी ३१ मार्च २०२९ पर्यंत. एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात, आणि अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा असे त्यात म्हटले आहे.

अर्ज कशावर टिकतो? उशिराचे कारण खरे आणि कागदाने दिसणारे हवे. आजारपण असेल तर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, मृत्यू असेल तर दाखला, कंपनीने फॉर्म १६ उशिरा दिला असेल तर तो आल्याचा ईमेल. ‘माहीत नव्हते’ एवढ्यावर अर्ज बहुतेक फेटाळला जातो. सोबत उत्पन्नाचा पूर्ण हिशेब, २६एएस आणि टीडीएसची प्रमाणपत्रे लावा, परताव्याची नेमकी रक्कम लिहा. ‘खरी अडचण’ या शब्दांचा अर्थ उदारपणे लावावा असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. मोठी रक्कम अडकली असेल आणि अर्ज फेटाळला गेला तर सीए किंवा वकिलाशी त्या अंगाने बोला. अर्ज मंजूर झाला की आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाकून रिटर्न भरायचे, कलम म्हणून ‘११९(२)(बी)’ निवडायचे. परतावा मिळेल, मात्र त्यावर व्याज मिळत नाही.

नोटीस आली असेल तर

पोर्टलवर ‘पेंडिंग अॅक्शन्स’ बघा. ‘रिटर्न भरलेले नाही’ अशी साधी सूचना ई-कॅम्पेनमध्ये (विभागाच्या आठवण करून देणाऱ्या संदेशांत) असेल तर आयटीआर-यू भरून तिथे पावती क्रमांकासह उत्तर देता येते. जुने वर्ष पुन्हा तपासायला काढणारी कलम १४८ए ची कारणे दाखवा नोटीस किंवा १४८ ची नोटीस ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे आयटीआर-यू परस्पर भरून मोकळे होऊ नका. १४८ च्या नोटिशीत रिटर्न भरायला मुदत दिलेली असते, ते त्या नोटिशीला उत्तर म्हणूनच भरायचे असते. नोटिशीनंतर अधिकाऱ्याने उत्पन्न धरले तर २७०ए खाली कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के, आणि मुद्दाम चुकीचे दाखवल्याचे ठरले तर २०० टक्के दंड लागू शकतो. त्यापुढे ६० टक्के जादा करही स्वस्त वाटतो. कलम २७६सीसी खाली खटल्याची तरतूद आहे, पण बाकी कर १०,००० च्या आत असेल किंवा आयटीआर-यू भरले असेल तर ती लागत नाही. पगारदार माणसाने तिच्या नावाने झोप उडवून घेऊ नये.

बँकेबद्दल एक

बँका बहुधा मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. २०२२-२३ हे वर्ष त्यांच्या यादीत खरोखर आहे का ते लेखी विचारा. ते नको असेल आणि तुमचा कर बाकी निघत असेल, तरी रिटर्न भरावे लागेलच, पण मग कर्जाच्या घाईत ते उरकण्याची गरज नाही. वर्ष हवे असेल तर हेही जाणून घ्या की आयटीआर-यूच्या पावतीवर भरल्याची तारीख छापलेली असते. कर्ज तपासणारा माणूस ती बघतो आणि तीन वर्षांची रिटर्न एकाच आठवड्यात भरलेली दिसली की प्रश्न विचारतो. फॉर्म १६ आणि पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट सोबत दिले तर पगारदाराचे काम सहसा अडत नाही.

रिटर्नवर प्रक्रिया झाली की कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. तिची फाइल उघडायला पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख, आठ आकड्यांत. तिच्यात दोन रकाने शेजारी असतात, तुम्ही दिलेले आकडे आणि विभागाने धरलेले. व्याजाचा एखादा महिना कमी धरला गेला असेल तर तिथे थोडी मागणी दिसेल. बरोबर असेल तर भरून टाका, चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती मागा. विभागाने टीडीएसचे २६,००० धरले आहेत का, हे मात्र सर्वांत आधी बघा. जुन्या कंपनीने तिचे टीडीएस विवरण चुकीच्या पॅनवर भरलेले असेल तर ते इथे उघडे पडते, आणि ते दुरुस्त करून घ्यायला त्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाचे दार ठोठवावे लागते.